विश्लेषण : केळव्यातील रिसेप्शनला ‘लाइव्ह’ संगीत ठरवताना आधी घड्याळ का पाहावे?

तुळशीची लग्ने लागली, की केळवे-माहीम पट्ट्यातील वाड्यांमध्ये आणि रिसॉर्टच्या हिरवळींवर मांडव उभे राहू लागतात. मुहूर्त दुपारचा, रिसेप्शन संध्याकाळी सुरूच्या बनालगत आणि पाहुण्यांसाठी डीजेऐवजी प्रत्यक्ष गाणारे-वाजवणारे कलाकार, असा बेत अनेक घरांत शिजतो. बेत चांगलाच आहे. मात्र ‘कोण येणार’ आणि ‘घेणार किती’ या दोन प्रश्नांवरच बोलणी संपतात आणि आधी विचारायला हवे ते राहून जाते. उघड्यावरच्या कार्यक्रमात कोणते संगीत शोभेल, हे गायकाच्या नावापेक्षा तीन गोष्टी ठरवतात : घड्याळ, वारा आणि कुंपणापलीकडचे घर.

दहाच्या ठोक्याला काय होते?

चित्र ओळखीचे आहे. निमंत्रण सातचे. वधू-वर तयार होऊन व्यासपीठावर येईपर्यंत आठ. मग फोटोंची रांग, आहेर, एखाद्या पुढाऱ्याचे आगमन आणि त्याचे ‘दोन शब्द’. वाद्यवृंदाच्या हाती माइक येतो साडेनऊला. दोन तासांची तयारी करून आलेल्या गायिकेचे पाचवे गाणे रंगत असताना दहा वाजतात आणि फाटकाशी पोलिसांची गाडी थांबते. यजमान म्हणतात, ‘साहेब, अर्धाच तास.’ साहेबांच्या हातात तो अर्धा तास नसतो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. हे दिवस सार्वजनिक सणांचे असतात, कुणाच्या घरच्या लग्नाचे नव्हेत. दहाच्या आतही ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. अर्ज साधारणपणे स्थानिक पोलीस ठाण्यात करायचा असतो, आणि तो लग्नाच्या सकाळी करण्याची गोष्ट नव्हे. वाडीवाला किंवा रिसॉर्टवाला ‘आमचे सगळे बघून घेतो’ म्हणत असेल, तर परवानगीच्या कागदाची प्रत मागून घ्यावी.

एक पळवाट मात्र आजही अनेकांच्या डोक्यात आहे : ‘आमच्याकडे स्पीकरच नाहीत, नुसता ढोल आहे.’ ती २०१० सालीच बुजली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ध्वनिक्षेपकाच्या जोडीला ध्वनिवर्धक, आवाज काढणारी साधने आणि वाद्ये यांचाही या नियमात समावेश झाला. म्हणजे रात्री दहानंतर उघड्यावर माइकशिवाय वाजणारी ढोलकीही नियमाच्या कक्षेत येते. ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवण्याचा मुद्दाही त्या खटल्यात होता. ‘आवाज फार नव्हता’ हा युक्तिवाद आता आकड्यात मोजला जाऊ शकतो.

हिरवळीवरचा मांडव ‘बंदिस्त’ ठरतो का?

नियमात रात्रीसाठी अपवाद आहे तो सभागृह, समाजमंदिर, बँक्वेट हॉल यांसारख्या बंदिस्त जागांचा, आणि तोही आतल्या आत ऐकू जाण्यापुरता. पालघर-बोईसरमधील दारे-खिडक्या लावून घेता येणारे वातानुकूलित सभागृह या अपवादात बसू शकते. झालरी लावलेला कापडी मांडव बसत नाही, कारण कापड आवाज अडवत नाही. केळव्यात लोक जातात ते मोकळ्या जागेसाठी आणि नेमकी तीच मोकळीक संगीताची वेळ कमी करते. हा व्यवहार डोळे उघडे ठेवून केला तर तक्रारीला जागा नाही. ज्यांना बारापर्यंत नाचायचेच आहे, त्यांनी समुद्राचा मोह सोडून सभागृह घ्यावे. दोन्ही हवे असणाऱ्यांचाच घोटाळा होतो.

आवाजाच्या मर्यादाही समजून घेण्यासारख्या आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात अनुक्रमे ६५ आणि ५५. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. म्हणजे निवासी भागातील वाडीच्या कुंपणावर दिवसाची वेळ धरूनही ६० डेसिबल. दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात, साधारण तेवढाच हा आवाज.

आता हिशेब करू. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि दसपट झाले की २० डेसिबलने. ड्रमसेटपासून एक मीटरवर १०० डेसिबल धरले, तर १० मीटरवर ८० आणि १०० मीटरवर ६०. व्यासपीठापासून कुंपण शंभर मीटरवर आहे, अशा वाड्या केळव्यात किती असतील? पानवेलीच्या आणि नारळाच्या बागायतीतून निघालेल्या या जागा लांबट आणि अरुंद असतात. शेजारच्या घराची पडवी अनेकदा पन्नास पावलांवर असते. सुरूची चार झाडे मध्ये आहेत म्हणून आवाज थांबेल, हाही भ्रमच. झाडांची पातळ रांग नजर अडवते, ध्वनी फारसा नाही.

त्या पडवीत कोण आहे, हे शहरातून येणाऱ्या यजमानांना ठाऊक नसते. लग्नाचा हंगाम आणि दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकमेकांवर येतात. पहाटे बाजार गाठायचा असलेला बागायतदार आणि भरतीच्या वेळेवर होडी काढणारा मच्छीमार नऊला अंथरुणाला टेकलेले असतात. गावातल्या माणसाच्या घरचे लग्न असेल तर शेजार एक रात्र सोसतो, कारण तोही त्या मांडवात जेवायला असतो. रिसॉर्टवर दर शनिवारी नवे लग्न असते आणि शेजारी मात्र तोच असतो. तक्रारीसाठी ११२ क्रमांक फिरतो तो बहुधा यामुळे. जवळ शाळा किंवा रुग्णालय असेल तर तो भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित आहे का, हेही पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. तिथे मर्यादा आणखी खाली, दिवसा ५० डेसिबल आहे.

व्यासपीठ समुद्राकडे पाठ करून का नको?

छायाचित्रकाराला वधू-वरांच्या मागे समुद्र हवा असतो. म्हणून व्यासपीठ पश्चिमेला पाठ करून उभारले जाते आणि त्याच व्यासपीठाच्या दोन कडांना स्पीकरचे मनोरे लागतात. त्यांची तोंडे आपसूक पूर्वेला, म्हणजे गावाकडे होतात. त्यात संध्याकाळी वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत असतो, आणि वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी खाली झुकून लांब पोहोचतो. रात्र चढली, वारा पडला, जमीन गार झाली की तोच आवाज आणखी दूर ऐकू जातो. एकाच निर्णयाने फोटो साधतो आणि गाव जागे राहते.

गंमत अशी की डिसेंबरात केळव्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साताच्या रिसेप्शनला मागचा समुद्र म्हणजे निव्वळ काळोख असतो. मे महिन्यात सूर्यास्त सातनंतर होतो, तेव्हा एखादा तास मिळतो खरा. पण त्या उकाड्यात भरजरी शालू आणि शेरवानी घालून तासभर उभे राहायची हौस वेगळी. समुद्राचे फोटो साडेपाचला काढून घ्यावेत आणि संगीताचा मंच वधू-वरांच्या मंचापासून वेगळा, गावाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून ठेवावा. दोन मोठ्या मनोऱ्यांऐवजी पाहुण्यांच्या मधे-मधे, कमी आवाजाचे चार-सहा लहान स्पीकर लावले तर मागच्या टेबलालाही नीट ऐकू येते आणि पुढच्या टेबलावरच्या आजोबांचे कानही बधिर होत नाहीत. साउंडवाल्याला ही कल्पना फारशी आवडत नाही, कारण तारा जास्त ओढाव्या लागतात. तरी आग्रह धरावा.

मग निवड कशाची करावी?

रिसेप्शन म्हणजे भेटीगाठींची संध्याकाळ. आठ वर्षांनी भेटलेली मावसबहीण, मुंबईहून लोकलने आलेले कार्यालयातले सहकारी, काठी टेकत आलेल्या शाळेतल्या बाई, ही सगळी माणसे बोलायला आलेली असतात. हळदीची रात्र वेगळी, वरात वेगळी, रिसेप्शन वेगळे. किनारपट्टीच्या वाडवळ, भंडारी, मांगेला, कोळी, आगरी घरांत नाचायचे सगळे हळदीला नाचून घेतलेले असते. तीच यंत्रणा रिसेप्शनला पुन्हा लावली की लोक जेवण उरकून निघतात आणि यजमानांना वाटते, गर्दी जमली नाही.

सनई-चौघडा हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित पर्याय. एक मुख्य सनई, सूर धरणारी दुसरी आणि चौघडा किंवा संबळ, एवढ्यावर प्रवेशद्वार उजळते. सनई मुळातच मोकळ्या जागेचे वाद्य असल्याने तिला माइक लागत नाही. आपण मात्र उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे ध्वनिमुद्रण पेन ड्राइव्हवर लावून मोकळे होतो. खाँसाहेबांच्या वादनाला तोड नाही, पण दारात बसलेला वादक समोरून येणारी वरमाय पाहून लय बदलतो. पेन ड्राइव्हला ते सुचत नाही. साडेसहा ते आठ सनई, नंतर विश्रांती. बंद सभागृहात मात्र हीच सनई अर्ध्या तासात टोचू लागते, तेव्हा ती बाहेरच बरी.

ब्रास बँडचे म्हणाल तर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसईत, त्याची जुनी परंपरा आहे. चर्चच्या संगीतावर वाढलेले ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोनचे वादक तिथल्या ख्रिस्ती लग्नांची शान राहिले आहेत. वधू-वरांच्या आगमनाला पंधरा-वीस मिनिटे बँड वाजला की वातावरण फुलते. त्यापुढे नको. पितळी वाद्यांसमोर बसून कुणालाही गप्पा मारता आलेल्या नाहीत.

बेंजो पार्टी तर या किनाऱ्याची लाडकी. कोळीगीतांना जो ठसका बेंजोने येतो तो कीबोर्डने येत नाही. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते बुलबुल तरंगाच्या घराण्यातले वाद्य आणि त्याचे मूळ जपानी आहे. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून बनवलेले ‘ताइशोगोतो’ फिरत फिरत आपल्याकडे आले आणि कोळीवाड्यांत असे मुरले, की आज त्याला कुणी परके म्हणणार नाही. पण हे संगीत पायांसाठी आहे. हळद आणि वरात ही त्याची जागा; रिसेप्शनला हवेच असेल तर शेवटची वीस मिनिटे, साडेनऊला आटोपतील अशी.

रिसेप्शनसाठी सर्वाधिक विचारला जातो तो चार-पाच जणांचा वाद्यवृंद : गायक, गायिका, कीबोर्ड, ढोलक-तबला, ऑक्टोपॅड. यात फसगतही सर्वाधिक. एका कीबोर्डमध्ये भरलेल्या तयार तालावर दोघे गातात आणि त्याला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणतात. त्यात पाप काही नाही, फक्त पैसे देताना आपण काय घेतो आहोत ते कळले पाहिजे. प्रत्यक्ष वाजवणारे किती, हे विचारावे. यूट्यूबवरची सजवलेली ध्वनिफीत न पाहता एखाद्या कार्यक्रमात कुणीतरी मोबाइलवर घेतलेले विनासंपादन चित्रण मागावे. गायिका वरच्या सुरात कशी पोहोचते आणि मागे लोक बोलताना दिसतात की कानात बोटे घालून बसलेले, दोन्ही त्यात कळते. नेहमीच्या यादीत जुनी हिंदी गाणी आणि मराठी भावगीते असतात, ती चालतात. विरहाची दोन-तीन उत्कृष्ट गाणी मात्र कलाकार सवयीने गाऊन जातात. यादी आधी मागवून ती बाजूला काढावीत. मित्रमंडळींच्या फर्माइशी आणि ‘मी पण एक गातो’ म्हणणारे काका यांच्यासाठी दहा मिनिटे वेगळी काढून ठेवली की बाकीचा कार्यक्रम वाचतो.

माझे मत विचाराल तर उघड्या वाडीत दोन-तीन वाद्यांची जोडी सर्वांत शहाणपणाची. बासरी आणि तबला, व्हायोलिन आणि गिटार, किंवा एकटा सॅक्सोफोन आणि साथीला कीबोर्ड. आवाज मुळातच आटोक्यात, जागा कमी, वीज कमी, आणि गप्पांच्या खालून सूर वाहत राहतो. सतार-संतूरही सुंदर, पण त्यांना शांत बसून ऐकणारे चाळीस लोक लागतात. पनीरच्या स्टार्टरची ताटली पुढ्यात नाचत असताना आलाप ऐकवणे हा वादकावरच अन्याय.

आणि एक संगीत असे आहे, ज्यासाठी कुणालाही आगाऊ रक्कम द्यावी लागत नाही. आगरी-कोळी घरांत लग्नात धवले गाणारी धवलारीण असे, वारल्यांच्या लग्नात धवलेरीच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, आणि तेराव्या शतकात महदंबेने रचलेले ‘धवळे’ म्हणजे रुक्मिणीच्या विवाहाची गीतेच आहेत. या मुलखातील लग्नाचे सर्वांत जुने ‘लाइव्ह म्युझिक’ म्हणजे बायकांचा आवाज. घरात हळदीची, घाण्याची, उंबरठ्यावरची गाणी येणारी आजी किंवा मावशी असेल, तर तिला आणि तिच्या चौघींना रिसेप्शनला पंधरा मिनिटे आणि एक चांगला माइक द्यावा. वाद्यवृंदाच्या आधी, लोक ताजे असताना. ती गाणी लिहून ठेवलेली नसतात, आणि त्या दिवशीचे चित्रण घरात राहणारी शेवटची प्रत ठरू शकते.

तारपा ‘शो’ म्हणून बोलवावा का?

पालघर जिल्ह्यात लग्न म्हणजे पत्रिकेवर वारली चित्र आलेच. त्यात मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्या हातून ही चित्रे जगभर गेली. मग कुणीतरी सुचवते, वधू-वरांच्या एन्ट्रीला खरेच तारपा पथक आणू.

वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे कर्णा असे हे फुंकवाद्य. त्याचा काळ भात कापून घरात येतो तेव्हाचा. वारल्यांच्या स्वतःच्या लग्नात नाच होतो तो प्रामुख्याने तूर आणि थाळीच्या तालावर. तेव्हा ‘इथल्या लग्नाचे पारंपरिक वाद्य’ म्हणून तारपा मिरवणे हे मुळातच चुकीचे. तरीही बोलवायचे तर बोलवावे, कलाकारांना काम मिळते. पण कसे, यावर सगळे आहे. धुराच्या यंत्रामागून वधू-वर येताना दोन बाजूंना उभी केलेली सजावट म्हणून ही माणसे वापरली जातात, तेव्हा ते पाहवत नाही. त्यांना स्वतंत्र वीस मिनिटे, फेर धरता येईल एवढी मोकळी जमीन, निवेदनात वादकाचे नाव आणि शहरी वाद्यवृंदाला देतो त्याच हिशेबाने मानधन द्यावे. लोक आपणहून फेरात शिरतात, मुले तर आधी. डीजेची उणीव त्या वीस मिनिटांत कुणाला जाणवत नाही.

खाऱ्या हवेत वाद्यांचे काय होते?

पुण्या-मुंबईच्या सभागृहात वाजवणाऱ्या कलाकाराला केळव्याची हवा आधी सांगावी लागते. दमट हवेत तबल्या-ढोलकीची पुडी ओल धरते, सूर उतरतो आणि दर दोन गाण्यांनी हातोडी घ्यावी लागते. म्हणून मंचावर वरून आच्छादन हवे. हिवाळ्यात दव पडते तेव्हा तर कीबोर्ड आणि मिक्सरसाठीही. वारा थेट माइकवर आला की स्पीकरमधून फडफड ऐकू येते; माइकवर फोमची टोपी आणि वाऱ्याच्या बाजूला एक कनात एवढ्याने ती बरीच थांबते. मे अखेरीस वळवाची सर कधीही येते. त्या वेळी वाद्ये कुठे हलवायची, ती खोली सकाळीच रिकामी करून ठेवावी.

विजेचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळू नये. वाद्यांचा पुरवठा केटररच्या ओव्हनपासून आणि रोषणाईपासून वेगळा ठेवावा, नाहीतर ऐन गाण्यात खरखर येते किंवा सगळेच बसते. ओल्या हिरवळीवर आणि वाळूवर उघडे जोड असलेल्या तारा म्हणजे जिवाशी खेळ. ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच मंचाच्या जोडणीवर बसवला आहे का, हे इलेक्ट्रिशियनला दाखवायला सांगावे. गायकाच्या हातातला माइक धातूचा असतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

गाण्यांच्या हक्कांसाठी पैसे द्यावे लागतात का?

लग्नाच्या चार दिवस आधी सभागृहाच्या किंवा रिसॉर्टच्या व्यवस्थापकाचा फोन येतो : ‘म्युझिक लायसन्स काढले का?’ यजमान गडबडतात. गीत-संगीताच्या हक्कांचे काम आयपीआरएस पाहते, तर ध्वनिमुद्रणांच्या हक्कांचे पीपीएल, नोव्हेक्स यांसारख्या संस्था पाहतात. प्रत्यक्ष गायनात मूळ ध्वनिमुद्रण वाजतच नसल्याने प्रश्न आला तर पहिल्या प्रकारचा येतो.

मात्र स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभातील सादरीकरण हे उल्लंघन मानलेले नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात विवाहाची मिरवणूक आणि विवाहाशी निगडित इतर सामाजिक उत्सव यांचा उल्लेख आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ च्या जाहीर सूचनेत हीच बाब सांगून, लग्नसमारंभांसाठी स्वामित्वशुल्क मागता येणार नाही असे म्हटले होते. हक्कधारक संस्थांनी या अर्थाला न्यायालयांत आव्हान देणे सुरूच ठेवले आहे. याच आशयाचे गोवा सरकारचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले, पण कायद्याचे कलम जागेवर आहे. घरच्या रिसेप्शनसाठी कुणी पैसे मागितले तर कोणत्या संस्थेसाठी, कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. तिकीट लावलेला किंवा कंपनीने प्रायोजित केलेला कार्यक्रम या सवलतीत बसत नाही, मग त्याला ‘संगीत रजनी’ म्हणा नाहीतर आणखी काही.

कलाकारांशी आधी काय ठरवायचे?

सांगितलेल्या रकमेत काय-काय आहे, येथून सुरुवात. ध्वनियंत्रणा, ती चालवणारा माणूस, मंच, प्रवास, मुक्काम आणि जनरेटर, यांतले निम्मे बहुधा ‘तुमच्याकडे’ असते. पुढची गोष्ट वेळेची. ‘दोन तासांचा कार्यक्रम’ असे न लिहिता ‘सायंकाळी ७.३० ते ८.१५ आणि ८.४५ ते ९.४५’ असे घड्याळात लिहावे. साउंड चेक पाचला, पाहुणे येण्याआधी. पावणेदहाला शेवटचे गाणे संपेल, हे यजमानांपैकी एका ठाम माणसाने अंगावर घ्यावे. नवरदेवाच्या मित्राने नव्हे. पुढाऱ्यांचे शुभेच्छापर भाषण झालेच तर ते दोन सत्रांच्या मधल्या अर्ध्या तासात बसवावे. आगाऊ रकमेची पावती, कलाकार आजारी पडल्यास बदली कोण, पावसाने किंवा यजमानांच्या अडचणीने कार्यक्रम रद्द झाल्यास किती परत, एवढे एका पानावर मावते. शब्दावर चालणाऱ्या या धंद्यात असा कागद मागितला की काही जण दुखावतात. पण दुःखद घटनेने लग्न पुढे ढकलले जाते तेव्हा याच कागदाने दोन्ही बाजूंचे संबंध टिकतात, आणि आधीच हातचे दुसरे काम सोडून आलेल्या तबलजीचे नुकसान थोडे तरी भरून निघते.

एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून अनेक वादक वाद्ये खांद्याला लावून गाडीनेच येतात. समुद्रापासून केळवे रोड स्थानक काही किलोमीटर आत आहे आणि रात्री दहानंतर रिक्षा उभी असेलच असे नाही. ढोलक, कीबोर्ड आणि दमलेली चार माणसे यांना स्थानकावर सोडायला गाडी सांगून ठेवावी आणि त्यांची पाने पहिल्या सत्रानंतर, पावणेनऊच्या आत, वाढायला लावावीत. केटरर त्यांना हमखास शेवटच्या पंगतीत बसवतो, आणि तोवर विरारकडची गाडी निघून गेलेली असते.